सासूबाईंची मालिका आजच सुरू करा

नमस्कार ताई,

माझी मुलगी यंदा दहावीला आहे. मराठी माध्यम, गावातलीच शाळा. बोर्डाला तीन आठवडे राहिलेत. प्रिलिमला ५८ टक्के पडले आणि त्या दिवसापासून घराचं वळणच बदललं. टीव्ही दिवाळीपासून बंद होता, आता धाकट्याचं अंगणातलं क्रिकेटही बंद केलंय. सासूबाई रोज संध्याकाळी मालिका बघायच्या, त्या आता जपमाळ घेऊन देवघरात बसतात. आमचे हे साखर कारखान्यात आहेत. हंगाम ऐन भरात असताना साहेबांशी वाद घालून त्यांनी पंधरा दिवसांची रजा टाकलीय. मुलीचा मोबाइल काढून घेतला. पहाटे साडेचार ते रात्री बारा असं वेळापत्रक करून त्यांनीच भिंतीला लावलंय. रात्री मी शिलाईचं काम घेऊन तिच्याजवळ बसते. ती म्हणते, आई तू झोप, पण माझा जीव राहत नाही.

नणंदेच्या मुलीला गेल्या वर्षी ९४ पडले. फोन आला की तोच विषय.

मुलगी महिनाभर धड जेवत नाही. बीजगणिताचं पुस्तक काढलं की पोटात दुखतं म्हणते. हे म्हणतात, नाटकं आहेत. परवा मी भाकरी वाढत होते तर एकदम म्हणाली, "आई, मी नापास झाले तर तुम्ही ठेवाल का मला घरात?" मी म्हटलं, असं अभद्र बोलू नये. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही.

मी नववीपर्यंत शिकलेली, तिचं गणित मला कळत नाही. कडक व्हावं की सोडून द्यावं? आणि पेपर चालू असतानाच माझ्या सख्ख्या भावाच्या मुलीचं लग्न आलंय. मध्ये तीन दिवसांची सुट्टी आहे. जावं का? तिचे प्रिलिमचे मार्क सोबत लिहून पाठवते.

एक आई, कराड तालुका

प्रिय ताई,

तुमचं सगळं पत्र अभ्यासाबद्दल आहे, एक वाक्य सोडून. मी त्या वाक्यापासून सुरुवात करते, बाकीचं मागाहून.

"ठेवाल का मला घरात?" यावर "अभद्र बोलू नये" हे कुठल्याही आईच्या तोंडून निघेल, कारण ऐकताना काळजात चर्र होतं. पण मुलीला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालेलं नाही. ते आज द्या. उद्यावर टाकू नका. आधी यांच्याशी बोला, कारण उत्तर दोघांचं असायला हवं. मग रात्री तिच्याजवळ बसून म्हणा, "तू परवा विचारलंस ना, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. पास हो, नापास हो, हे घर तुझं आहे. बाबांचंही हेच म्हणणं आहे." एवढं बोलून थांबा. "अभ्यास मात्र कर हं" असं शेपूट त्याला जोडू नका. शेपूट लागलं की तिला तेवढंच ऐकू जाईल.

आणखी एक प्रश्न विचारायचा आहे. जड आहे, पण विचाराच. "जिवाचं काही बरंवाईट करावं असं तुझ्या मनात येतं का?" अशाने नसलेला विचार डोक्यात भरतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. मानसोपचाराचे डॉक्टर स्वतः असंच थेट विचारतात, आणि कुणीतरी विचारलं म्हणून मूल हलकं होतं. ती "हो" म्हणाली, गप्प राहिली, रडू लागली किंवा उडवाउडवी करून विषय बदलू लागली, तर त्या रात्रीपासून तिला एकटं सोडू नका. घरात फवारणीची औषधं असतील तर ती शेजारच्या गोठ्यात नको, कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्या कमरेला. १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही 'टेली-मानस' सेवा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालते, मराठीत बोलता येतं आणि आईवडिलांनीही फोन केलेला चालतो. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. "लोक काय म्हणतील" हा विचार त्या वेळी दाराबाहेर ठेवायचा.

बहुतेक करून ती म्हणेल, "नाही गं आई, काहीतरीच काय." ते मोकळेपणाने म्हणाली तर तुम्हीही निवांत व्हा. पण जेवण-झोप असंच चालू राहिलं तर डॉक्टरांना दाखवायचंच.

आणि पोटदुखीला नाटक म्हणणं आजपासून बंद. माणूस घाबरला की आतडी खरोखर आवळतात, मळमळतं, हात गार पडतात. पाळीच्या आधी तुम्हाला कुणी नाटक म्हणालं असतं तर कसं वाटलं असतं? आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण महिनाभर धड न जेवता नुसत्या चहावर जागणाऱ्या पोरीला साधं पित्तही झालेलं असू शकतं. तपासणीत काही निघालं नाही तर ते भीतीचं दुखणं आहे. दुखणं तरीही खरंच.

आता सासूबाई.

माझं म्हणणं तुम्हाला उलटं वाटेल. आज संध्याकाळी टीव्ही लावा आणि सासूबाईंना त्यांची मालिका बघू द्या. आवाज बेताचा, मुलीच्या खोलीचं दार पुढे ओढलेलं. धाकट्याला बॅट परत द्या. यांना म्हणावं, रजा रद्द करून कामावर जा आणि ते दिवस पेपरांसाठी राखून ठेवा.

का म्हणते ते सांगते. तुम्ही सगळ्यांनी जे जे सोडलं ते मुलीच्या भल्यासाठीच सोडलं, याबद्दल शंका नाही. पण पंधरा वर्षांची पोर त्याचा हिशेब ठेवत असते. आजी देवघरात बसते ती माझ्यामुळे. भाऊ तोंड फुगवून फिरतो तो माझ्यामुळे. बाबा साहेबांशी भांडले ते माझ्यामुळे. कारखान्यात राबणाऱ्या माणसाने हंगामात रजा टाकणं म्हणजे काय, हे साखरपट्ट्यातल्या मुलीला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हे सगळं कर्ज तिच्या नावावर चढतंय आणि ते फेडायचं साधन एकच आहे, टक्के. मग बीजगणिताचं पुस्तक उघडल्यावर पोटात गोळा येणार नाही तर काय होणार! "ठेवाल का घरात" हा प्रश्न तिथूनच आलाय, असं मला वाटतं. एवढं सगळं वाया घालवलं तर आपल्याला इथं जागा कुठली, असा तो हिशेब आहे.

तुम्ही रात्री शेजारी बसता तेही याच खात्यात जमा होतं. ती "झोप" म्हणते ते मनापासून म्हणते. झोपा.

मी वर्षानुवर्षं दहावीला गणित शिकवलं, त्यामुळे तुमच्या पत्रातले मार्क वाचून हात शिवशिवले. तुम्ही लिहिलंय, मराठी ५९, हिंदी ५४, इंग्रजी ४२, तिन्ही ८० पैकी. बीजगणित १३, भूमिती १६, विज्ञान भाग एक १९, भाग दोन २४, इतिहास-राज्यशास्त्र २५, भूगोल २६, हे प्रत्येकी ४० पैकी. बेरीज ४८० पैकी २७८, म्हणजे तुमचे ५८ टक्के. आता हेच बोर्डाच्या पद्धतीने मांडू. प्रत्येक विषयाचे १०० पैकी २० मार्क तोंडी, प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, ते शाळा देते. नियमित जाणाऱ्या मुलीला त्यात १८ धरायला हरकत नाही. मग मराठी ७७, हिंदी ७२, सामाजिक शास्त्रं (इतिहास-भूगोल मिळून) ६९, विज्ञान ६१, इंग्रजी ६० आणि गणित ४७. टक्केवारी काढताना बोर्ड सहापैकी सर्वांत चांगले पाच विषय धरतं. गणित वगळलं तर ५०० पैकी ३३९. म्हणजे ६७.८ टक्के. शाळेने हात आखडता घेऊन १६-१६ दिले तरी ६५.८.

म्हणजे ज्या आकड्यावरून घरात सुतक पाळलं जातंय तो आकडा बोर्डाच्या मार्कलिस्टवर येणारच नाही. शिवाय प्रिलिम शाळा हात राखून तपासतात, पोरांनी हातपाय गाळू नयेत पण हलावं म्हणून. गणितात पास व्हायला ३५ लागतात आणि ती आजच ४७ वर उभी आहे. नापास होण्याची तिची भीती आकड्यांतून आलेली नाही. ही बेरीज कागदावर तिच्यासमोर करा, नव्हे, तिलाच करू द्या. टक्केवारी काढता येते तिला.

कडक व्हावं की सोडून द्यावं, असं विचारलंय. दोन्ही नको. तिच्या अभ्यासाचा कारभार तिच्याकडे परत द्या आणि घराचा कारभार तुम्ही बघा. भिंतीवरचं वेळापत्रक यांनी केलंय, ते काढा. कारखान्याच्या पाळ्या लावणाऱ्या माणसाचं वेळापत्रक आहे ते. तिचं तिला करू द्या, वाकडंतिकडं का असेना. त्यात दुपारी तासभर झोप असली तरी बोलू नका.

एक गोष्ट मात्र तिच्यासोबत बसून करण्यासारखी आहे. प्रिलिमचे तपासलेले पेपर बाहेर काढा. घरोघरी ते मार्क बघून कपाटात जातात, आणि खरा अभ्यास त्यातच असतो. प्रत्येक गेलेला मार्क का गेला, ते तिने पेन्सिलीने शेजारी लिहायचं. येत होतं पण सुटलं, अर्धं येत होतं, आणि अजिबात येत नव्हतं, असे तीन प्रकार. भूमितीचा पेपर घ्या. प्रमेय आलंय. तिने आकृती काढली, पक्ष लिहिला, साध्य लिहिलं, सिद्धतेच्या पहिल्या पायऱ्या बरोबर आल्या, पण कंसात कारणं लिहिली नाहीत, "समरूप त्रिकोणांच्या संगत बाजू" एवढंसुद्धा नाही, आणि पुढे पान कोरं. हे अर्धं येत होतं. भौमितिक रचनेत कंपासने काढलेल्या खुणा खोडरबराने पुसल्या म्हणून मार्क गेले (नीटनेटक्या मुली हे हमखास करतात), हे येत होतं पण सुटलं. शेवटचा प्रश्न सोडवलाच नाही, तर विचारा, वेळ पुरला नाही की येत नव्हता? ही दोन वेगळी दुखणी आहेत.

तीन आठवड्यांत पहिल्या दोन ढिगांवरच मेहनत घ्यायची. तिसरा ढीग बहुतांशी सोडून द्यायचा. क्लासवाले याला नाही म्हणतील, पण जे वर्षभरात समजलं नाही ते फेब्रुवारीत रात्री साडेअकराला समजत नाही, उलट समजलेलंही गढूळ करून जातं. गणितात तर सूत्र, मांडणी, आकृती, प्रत्येक पायरीला मार्क असतात. उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मिळतात, म्हणून कोरं पान कधी सोडायचं नाही, हे तिला सांगा. बीजगणितात संभाव्यता आणि सांख्यिकी, भूमितीत रचना, ही प्रकरणं घटवून घेतली तर हाताशी येतात. वर्गसमीकरणांची शाब्दिक उदाहरणं पोटात गोळा आणत असतील तर तूर्त राहू द्यात. भाषांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखन म्हणजे पत्र, बातमी, जाहिरात. तिथे ठरलेल्या मांडणीचे मार्क असतात आणि ते सरावाने मिळतात. तिचे इंग्रजीचे ४२ तिथून वर सरकतील.

"मला तिचं गणित कळत नाही" असं तुम्ही लिहिलंय. त्याचाच फायदा घ्या! तुम्ही पीठ मळत असताना तिला ओट्याशी बसवा आणि म्हणा, मला समजावून सांग. पुस्तक मिटलेलं. ती सांगेल, त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा काढली की दुसऱ्या दोन बाजू सारख्याच प्रमाणात कापल्या जातात. तुम्ही विचारा, "असं का गं?" ती अडखळली की तिचं तिलाच कळतं कुठं कच्चं आहे. तुम्ही तपासायचं नाही, चूक काढायची नाही, फक्त ऐकायचं. मी हे हवेतलं बोलत नाही. २००६ साली अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक मजकूर वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात कितीतरी जास्त राहिलं होतं. आपली मुलं हायलायटरने पानं पिवळी करत बसतात आणि आपल्याला वाटतं, केवढा अभ्यास चाललाय.

झोपेचं थोडक्यात. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. आणि वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोप उशिरा येते आणि सकाळी जाग येत नाही. तो आळस नव्हे. आपल्या पिढीत पहाटेचा अभ्यास म्हणजे जणू पुण्यकर्म होतं. पहाटे उठणारं मूल असेल तर उठू द्या, पण मग नऊला झोपायला पाहिजे. साडेचार ते बारा हे कुणालाच झेपणार नाही, यांनाही नाही. पेपर सकाळी ११ ला असतो, तेव्हा डोकं ११ ला ताजं पाहिजे. सुट्टीच्या दिवशी बरोबर ११ ला सराव पेपर सोडवायला बसवा, घड्याळ लावून. ही सवय बदाम आणि स्मरणशक्तीच्या सिरपापेक्षा जास्त उपयोगी पडते. (सिरपाने प्रमेय पाठ होत असतं तर मी आयुष्यभर सिरपच विकलं असतं.)

मोबाइल परत द्या. क्लासच्या नोट्स, शाळेच्या सूचना, मैत्रिणींना विचारायच्या शंका, सगळं त्यावर येतं. रात्री साडेनऊला तो स्वयंपाकघरात चार्जिंगला लागेल, असा नियम करा आणि त्याच वेळी बाबांचाही आणि तुमचाही लागेल. एकट्या मुलीचा काढून घेतला की शिक्षा होते. "पेपर फुटला" असले मेसेज फिरतील तेव्हा ते पुढे पाठवू नका आणि तिला दाखवूही नका.

यांना काम पाहिजे, ते देते. परीक्षा केंद्र दुसऱ्या गावी असेल तर आधी एकदा मोटारसायकलने जाऊन रस्ता बघून यावं. मुलांनी साडेदहाला केंद्रावर हजर राहायचं असतं. ११ ला पेपर हातात पडतो. पूर्वी तो दहा मिनिटं आधी वाचायला मिळायचा, ते २०२३ पासून बंद झालं आणि ती दहा मिनिटं शेवटी वाढवून दिली जातात. त्यामुळे ८० मार्कांचा पेपर दोन वाजून दहा मिनिटांनी सुटतो आणि ४० चा एक वाजून दहा मिनिटांनी. हे तिला शाळेत सांगतील, पण यांनीही नीट लक्षात ठेवावं, म्हणजे गेटवर उन्हात उभं राहून जीव टांगणीला लागणार नाही. हॉल तिकिटाची झेरॉक्स काढून घरी ठेवावी. हरवलंच तर शाळा दुसरी प्रत काढून देते, त्यासाठी आरडाओरडा करायची गरज नाही. नवीन पेनं तिला देऊ नयेत. या दिवसांत आत्या-मावश्या पेन आणि पॅड घेऊन शुभेच्छा द्यायला येतात, त्या पेनांचा ढीग खणात टाका. हाताला सवय असलेल्या पेनानेच लिहायचं. भेटायला येणाऱ्यांना सांगा, शेवटचा पेपर झाला की या, चहा पाजते.

निघायच्या आधी सकाळी नऊला रोजचंच जेवण द्या, भाकरी-भाजी नाहीतर वरणभात. दही-साखर हातावर जरूर ठेवा. त्याने मार्क वाढत नाहीत हे तिलाही ठाऊक आहे, पण कुणीतरी पाठीशी आहे एवढं कळतं.

आणि पेपर सुटल्यावर गेटवर पहिला प्रश्न "कितीचा सुटला?" हा नको. ते यांना सगळ्यात अवघड जाईल, म्हणून आधीच सांगून ठेवा. "भूक लागलीय का?" एवढं पुरे. झालेला पेपर घेऊन उत्तरं पडताळायला बसू नये. मी परीक्षेत पर्यवेक्षक म्हणून वर्गात फिरायचे तेव्हा मुलांचे चेहरे बघायला मिळायचे. सोमवारी हसत लिहिणारं पोर बुधवारी मान खाली घालून बसलेलं दिसायचं. विचारलं की कळायचं, घरी आदल्या पेपराची पडताळणी झाली आणि एक सहा मार्कांचं चुकलंय. त्या सहांनी पुढचे पंधरा खाल्ले.

नणंदबाईंचं काय करायचं, तर फार काही नाही. पुढचा फोन आला की म्हणा, "वन्सं, निकाल लागला की पहिला फोन तुम्हाला मीच करीन, तोवर तिच्या मार्कांचं बोलणं नको." राग आला तर येऊ द्या. महिन्याभराने जाईल. ९४ वाली पोर गुणी असेल, तिचं कौतुक करा, पण मुलीच्या कानावर पडेल असं नको.

सगळं करूनही एखादा विषय राहिलाच तर? हे आत्ताच, परीक्षेआधी तिला सांगा. सांगितलं तर पोर ढिली पडेल, अशी भीती घातली जाते. माझा अनुभव उलटा आहे. खाली जाळी आहे हे कळलं की डोंबारी दोरीवर नीट चालतो. पुरवणी परीक्षा जून-जुलैत होते, मार्चपर्यंत थांबावं लागत नाही. एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो, वर्ष वाया जात नाही. मार्क कमी पडले असं वाटलं तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि ती बघून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. अकरावीशिवाय आयटीआय आहे, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झालेत, त्यामुळे निकालानंतरचे फॉर्म, कागदपत्रं, पसंतीक्रम यात यांची राहिलेली रजा कामी येईल. पसंतीक्रम भरताना मात्र माउस तिच्या हातात द्या.

लग्नाचं सांगते. सख्ख्या भावाची मुलगी, आत्या म्हणून तुम्हाला जायलाच हवं. गेला नाहीत तर त्याचंही खापर उद्या मुलीच्या दहावीवर फुटेल. तिला विचारा, यायचंय का? नुसतं घर आणि पुस्तक बघून कंटाळलेली पोर अक्षतांपुरती येऊन, जेवून, संध्याकाळी परत आली तर काही बिघडत नाही. तीन दिवसांतला अर्धा दिवस जाईल. मात्र हळदीला, वरातीला नको आणि मुक्काम तर मुळीच नको. मांडवात "दहावी ना गं? किती पडणार?" असं विचारणारे दहाजण भेटतील. त्यांच्यासाठी धाकट्याला तिच्याबरोबर ठेवा, तो मध्येच "ताई, आइस्क्रीम" म्हणून ओढून नेईल, त्याला हे काम आवडेल. ती नको म्हणाली तर सासूबाई आणि हे घरी थांबतील, तुम्ही एकट्या जा. भावाला मात्र आजच फोन करून कल्पना द्या, आयत्या वेळी सांगितलं की माहेरचे लोक मनाला लावून घेतात.